धबधबा डोळ्यात कसा शिरला?

प्रश्न : आजीच्या केसपेपरवर डॉक्टरांनी ‘कॅटरॅक्ट’ लिहिलं. शब्दकोशात त्याचा एक अर्थ ‘धबधबा’ दिलाय. आपण तर मोतीबिंदू म्हणतो. मग धबधब्याचा डोळ्याशी काय संबंध?

उत्तर : संबंध आहे, आणि तो एका जुन्या गैरसमजातून जडलेला आहे. दूषित द्रव डोक्यातून खाली झिरपतो, बाहुलीमागे साचून थिजतो आणि नजर अडवतो, असं ग्रीक वैद्य मानत. म्हणून त्यांच्या आणि पुढे रोमनांच्या शब्दातही ओतण्याचा, पसरण्याचाच अर्थ होता. अरबी वैद्य या विकाराला ‘नुजूल-अल-मा’ म्हणत, म्हणजे पाणी उतरणं. युनानी हकिमांच्या तोंडी हा शब्द अजूनही आहे. अकराव्या शतकात उत्तर आफ्रिकेतून इटलीला गेलेला कॉन्स्टन्टाइन माँते कासिनोच्या मठात अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये आणत होता. या उतरत्या पाण्यासाठी त्याने ‘कॅटरॅक्टा’ हा शब्द घेतला. वरून कोसळतं ते कॅटरॅक्टा. तुमचा धबधबा तो हाच.

डोळ्यात पाणी उतरत नव्हतंच. १७०५ साली ब्रिसो या फ्रेंच डॉक्टरने एका मृत सैनिकाचा डोळा उघडून पाहिला, तेव्हा डोळ्यातलं भिंगच गढुळलेलं निघालं. समजूत गेली, शब्द मात्र राहिला.

मला आपला शब्द जास्त खरा वाटतो. डोळ्यात काय घडत असेल याचा तर्क त्यात नाही. समोर बसलेल्या माणसाच्या बाहुलीत जे दिसलं, तेच त्यात आहे. फारसीतही ‘आब-ए-मरवारीद’ म्हणतात, मोत्याचं पाणी. आणि सुश्रुतसंहितेचं उत्तरतंत्र पाहा. तिथे या विकाराचं नाव लिंगनाश. जवाच्या टोकासारख्या शलाकेने तो दूर करण्याची कृती सांगताना सुश्रुत आधीच बजावतो : दोष अर्धचंद्रासारखा, घामाच्या थेंबासारखा किंवा मोत्यासारखा दिसत असेल, तर शस्त्र लावू नये. थेंब आणि मोती, दोन्ही तिथे शेजारी शेजारी आहेत.

आजीला विचारा, त्या म्हणतील, “पूर्वी डॉक्टर सांगायचे, मोतीबिंदू अजून पिकला नाही, थांबा.” पिकला म्हणजे भिंग पूर्ण पांढरं झालं. खिडकीपाशी उजेडात बसलेल्या म्हातारीच्या काळ्या बाहुलीत तेव्हा खरोखरच मोत्यासारखा टिपका दिसायचा. आता पिकण्याची वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे तो मोती फारसा कुणाच्या दृष्टीस पडत नाही.