एका बाजूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या बाजूचं काय?



स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपवून घरी आलेली बाई वर्ष-दोन वर्षांनी, विहारातली बैठक आटोपून सगळ्या निघून गेल्यावर हळूच विचारते, "ताई, आता दुसऱ्या बाजूला होईल का?" ओपीडीत मागे रांग उभी असते, तिथे हा प्रश्न तोंडातून निघत नाही. म्हणून इथे उत्तर देते.

होऊ शकतो, पण बहुतेकींना होत नाही. घराण्यात आनुवंशिक दोष नसेल तर दहा वर्षांत १०० जणींपैकी साधारण ३ ते ५ जणींना दुसऱ्या स्तनात कर्करोग होतो. ज्या बाईला हा आजार कधीच झाला नाही तिच्यापेक्षा हे प्रमाण जास्त आहे. त्यामुळे घाबरून राहू नका, पण तपासणी मात्र आयुष्यभर चालू ठेवा.

वस्तीत लोक म्हणतात, "कॅन्सर पलीकडे सरकला." बहुतेक वेळा तसं नसतं. जुना आजार पसरतो तेव्हा तो सहसा हाडं, फुप्फुसं, यकृत किंवा मेंदूत जातो. दुसऱ्या स्तनातली कर्करोगाची गाठ बहुधा नवा, वेगळा आजार असतो, आणि लवकर सापडला तर तो बराही होऊ शकतो. हा फरक घरातल्यांना समजला पाहिजे. नाहीतर "पुन्हा आला, आता पैसे घालून काय उपयोग" म्हणून बाईला घरी बसवतात. कुणी मागच्या जन्मीच्या कर्माचं नाव काढलं तर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' समोर ठेवा. बाबासाहेबांनी त्यात गतजन्मीच्या कर्माची कल्पना खोडून काढली आहे.

आता गोळीविषयी. तुमच्या फाईलमध्ये 'ईआर' समोर पॉझिटिव्ह लिहिलं असेल तर डॉक्टर टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारखी गोळी निदान पाच वर्षं देतात. पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्याने दुसऱ्या स्तनात कर्करोग होण्याचा धोकाही सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो. गोळी महाग नाही, तरी अर्ध्यावर सोडणाऱ्या बायका खूप. अंगातून वाफा निघतात, सांधे दुखतात, पांढरं जातं, आणि "मी तर बरी आहे" असंही वाटतं. त्रास डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते. स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका. टॅमॉक्सिफेन चालू असताना गर्भ राहू देऊ नये, आणि पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर लगेच दाखवावं.

तपासणी म्हणजे वर्षातून एकदा मॅमोग्राफी आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या तारखांना हाताने तपासणी. घरी मोरीत आंघोळ करताना साबणाच्या हाताने दुसरा स्तन, दोन्ही काखा आणि ऑपरेशनची खूण चाचपावी. गाठ लागली, कातडी ओढली गेली, बोंड आत गेलं किंवा त्यातून रक्त आलं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नये. दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

हाताच्या तपासणीला कमी लेखू नका. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या जणींना प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्या स्त्रिया दर दोन वर्षांनी हाताने तपासत होत्या. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले: तपासलेल्या पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी. त्या आजार न झालेल्या स्त्रिया होत्या. तुमचा एकदा उपचार झाला आहे, तेव्हा तुम्हाला मॅमोग्राफीही हवीच.

"मग दुसराही काढूनच टाकू का?" असंही विचारतात. आनुवंशिक दोष नसेल तर तो काढल्याने आयुष्य वाढत नाही, एक मोठं ऑपरेशन मात्र वाढतं. 'बीआरसीए' जनुकात दोष असेल तर गोष्ट वेगळी. बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या १०० जणींपैकी सुमारे ४० जणींना वीस वर्षांत दुसऱ्या बाजूला कर्करोग होतो, बीआरसीए-२ मध्ये सुमारे २६ जणींना. अशा बाईने काढायचं की नाही हे डॉक्टरांशी सविस्तर बोलून ठरवावं. कमी वयात आजार झाला असेल, रिपोर्टवर ट्रिपल निगेटिव्ह असेल, किंवा नात्यात स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग असेल, तर जनुक तपासणीबद्दल स्वतःहून विचारा. नात्यात म्हणजे फक्त आई-मावशी नव्हे. हा दोष वडिलांकडूनही येतो, म्हणून आत्या आणि आजीचंही सांगा.

खर्चासाठी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. नवी गाठ कर्करोगाची निघालीच, तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत तिच्या उपचारांचा समावेश आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला गाठा. आणि जुनी फाईल, मॅमोग्राफीच्या फिल्मा जातीच्या दाखल्यासारख्या प्लास्टिकच्या पिशवीत उंच ठेवा. पावसात घरात पाणी शिरलं की पहिले हेच कागद जातात, आणि नव्या फिल्मशी ताडून बघायला डॉक्टरांना जुनी फिल्म लागते.