सरासरीच्या आड दडलेला विलंब

सुरतेतील आपल्यापैकी अनेकांची गावे खानदेशात. सुटी लागली की उधना-जळगाव मार्गावरील गाडीचे तिकीट हवेच! शयनयानाची तत्काळ तिकिटे सकाळी ११ वाजता खुली होतात आणि त्या क्षणी देशभरातून एकच झुंबड उडते. ती सोसणारा दूरचा संगणक म्हणजे सर्व्हर; त्याची क्षमता बहुतांशी त्यातील आज्ञावलीवर अवलंबून असते. २०१४ साली रेल्वेची नवी ई-तिकीट प्रणाली आली, तेव्हा तिची क्षमता मिनिटास ७,२०० तिकिटे सांगितली गेली. जुनीची होती २,०००.

आकडा मोठा खरा. परंतु दोन आज्ञावलींची तुलना एका आकड्यावरून करता येईल काय? समजा, पहिली शंभर जणांपैकी प्रत्येकास ०.२ सेकंदात उत्तर देते. दुसरी नव्व्याण्णवांना ०.१ सेकंदात देते, पण एकास १० सेकंद तिष्ठत ठेवते. गणित करून पाहा. दुसरीची सरासरी ०.१९९ येते, म्हणजे कागदावर तीच सरस! त्या एकाचे आसन मात्र तोवर दुसऱ्याने पटकावलेले असते. म्हणून सर्वांत उशिराच्या उत्तरास किती वेळ लागला, हेही जाणते परीक्षक नोंदवितात.

चाचणीतही एक खोट असते. चाचणी घेणारे यंत्र पुष्कळदा पहिले उत्तर येईपर्यंत पुढची मागणी धाडीतच नाही. सर्व्हर अडला की परीक्षकही थांबतो, आणि मागे खोळंबलेली रांग मोजलीच जात नाही. अकराच्या ठोक्याला उधन्याचा प्रवासी असा थांबतो काय?