'विक्षिप्त' : चित्ताची तिसरी पायरी

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या सप्ताहात आपण 'गुरुचरित्रा'च्या पारायणाला बसतो. तोंडाने ओव्या चालू असतात आणि मन मात्र घरी! गॅस बंद केला का? हयातीचा दाखला दिला का? नातवाचा फोन कसा नाही आला? भानावर यावं तो पान उलटलेलं असतं, वाचलेलं काहीच आठवत नाही. मग अपराधी वाटतं. "असलं वाचन महाराजांपर्यंत काय पोचणार?" म्हणून काही जण पुढच्या वर्षी बसतच नाहीत. त्यांच्यासाठी आज एका शब्दाचा विचार करू : 'विक्षिप्त'.

बोलण्यात विक्षिप्त म्हणजे तऱ्हेवाईक. "म्हातारा फार विक्षिप्त झालाय हो," असं आपण सहज म्हणतो. शास्त्रात हे विशेषण चित्ताचं आहे. 'क्षिप्' म्हणजे फेकणे. आक्षेप, संक्षेप, क्षेपणास्त्र हे शब्द याच धातूचे.

पतंजलींच्या योगसूत्रांवरील व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी सांगितल्या आहेत : क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. क्षिप्त चित्त सारखं विषयांकडे फेकलं जातं. मूढ चित्त सुस्तीत बुडालेलं. विक्षिप्त चित्त बराच वेळ भटकतं, पण मधूनमधून स्थिर होतं. तेवढ्याला भाष्यकार योग म्हणत नाहीत, हे खरं. पण ही तिसरी पायरी आहे, बरं का! पुढची पायरी एकाग्रतेचीच.

चित्ताचा विक्षेप करणारे नऊ अंतराय सूत्रात मोजले आहेत. त्यांत पहिलं नाव कशाचं? व्याधीचं! तेव्हा गुडघा ठणकत असताना मन भटकलं, तर भक्ती कमी पडली असं समजू नये. उपायही तिथेच दिला आहे : एका तत्त्वाचा अभ्यास. एकच धरायचं, सुटलं की पुन्हा धरायचं.

आपल्याला ते एक म्हणजे दत्तनाम. दत्तप्रभूंना 'स्मर्तृगामी' म्हणतात, म्हणजे स्मरण करणाऱ्याकडे जाणारे. मन भटकलंय हे ध्यानात येतं, तेव्हा स्मरण परतलेलंच असतं ना?

म्हणून यंदा पारायण सोडू नका. मन गेलं, तर सुटलेल्या ओवीवर बोट ठेवा आणि तिथून पुन्हा वाचा. आणि घरातल्या कुणाला विक्षिप्त म्हणण्याआधी क्षणभर आपलं चित्त पाहा.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥