दोर्नकलचे बिशप अझरिया

नांदेड व लातूर ज्या निजामी राज्यात १९४८ पर्यंत होते, त्याच राज्याच्या पूर्व टोकास, तेलुगू मुलखात, दोर्नकल हे लहानसे रेल्वे जंक्शन आहे. अँग्लिकन मंडळीचे पहिले भारतीय बिशप तेथे राहिले. त्यांचे चरित्र खेड्यांतील मंडळ्यांनी अभ्यासावे, असे आम्हांस वाटते.

वेदनायगम सॅम्युएल अझरिया यांचा जन्म १७ ऑगस्ट १८७४ रोजी तिन्नेवेल्ली जिल्ह्यातील एका तमिळ खेड्यात झाला. वडील खेड्याचेच पाळक होते. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिकून ते वाय. एम. सी. ए.चे चिटणीस झाले. भारतीयांनी आपल्याच पैशाने व आपल्याच माणसांकरवी सुवार्ता पसरवावी, या हेतूने १९०३ मध्ये तिन्नेवेल्लीस इंडियन मिशनरी सोसायटी व १९०५ मध्ये सेरामपूर येथे नॅशनल मिशनरी सोसायटी निघाली. दोहोंच्या स्थापनेत ते पुढे होते. परंतु इतरांस पाठवून आपण घरी बसावे, हे त्यांस रुचले नाही. १९०९ मध्ये दीक्षा घेऊन ते स्वतः दोर्नकलास गेले. देगलूर-बिलोलीकडील वाचकांच्या कानास तेलुगू परिचयाची आहे. अझरियांस मात्र ती पस्तिशीत अभ्यासावी लागली.

१९१० मध्ये एडिंबरो येथे जगभरचे मिशनरी जमले होते. अझरियांनी त्यांच्या स्वार्थत्यागाबद्दल उपकार मानले आणि मग स्पष्ट सांगितले की, भारतीय सेवकांस याहून निराळे काही हवे आहे, ते म्हणजे मैत्री. पुष्कळांस ते झोंबले. पाठीमागे कुरकुर करणारे आपल्या मंडळ्यांतही थोडे नाहीत; अझरिया तोंडावर, आणि तेही प्रीतीने, बोलले. आमच्या मते त्या भाषणाचे खरे मोल यातच आहे.

दोनच वर्षांनी, २९ डिसेंबर १९१२ रोजी, कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये त्यांस बिशपपदाची दीक्षा मिळाली. गोरे मिशनरी काळ्या बिशपाच्या हाताखाली राहतील काय, हा त्या वेळचा प्रश्न. विशेष हे की, हरकत घेणाऱ्यांत काही भारतीय ख्रिस्तीही होते! तरीही बिशपप्रांत स्वतंत्रपणे सांभाळणारे भारतीय अँग्लिकन बिशप त्यांच्या मरणापर्यंत ते एकटेच राहिले. दुसऱ्या कोणास ते पद मिळाले नाही.

त्यांचे बहुतेक लोक माला व मादिगा समाजांतील, म्हणजे गावकुसाबाहेरचे शेतमजूर. बिशप गावोगाव फिरत. बाप्तिस्मा घेणाऱ्यास ते आपला हात मस्तकावर ठेवावयास सांगत आणि १ करिंथ ९:१६ मधील पौलाचे शब्द त्याच्याकडून म्हणवून घेत. अक्षरशून्य मजूरही त्या दिवसापासून सुवार्तिक ठरे. दानधर्माविषयी त्यांनी पुस्तक लिहिले आणि गरीब मंडळीनेही आपला भार आपणच वाहावा, असा आग्रह धरला. परदेशी पैशावर चालणारी आपली कित्येक मंदिरे पाहता हा आग्रह आम्हांस आजही टोचतो.

६ जानेवारी १९३९ रोजी दोर्नकलच्या कॅथीड्रलचे समर्पण झाले. देवळासारखे खांब, मशिदीसारखे घुमट व दगडात कोरलेली कमळे असलेले हे मंदिर परक्या देशाचे वाटत नाही.

१९१९ मध्ये तरंगमबाडी येथे निरनिराळ्या पंथांचे पाळक ऐक्याच्या विचारासाठी बसले, त्यांत अझरिया प्रमुख होते. पंचवीस वर्षांहून अधिक काळ वाटाघाटी चालल्या. १ जानेवारी १९४५ रोजी दोर्नकल येथे ते प्रभूमध्ये निजले, आणि २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासेत दक्षिण भारत मंडळी स्थापन झाली.