पायांची आग आणि गोळ्यांचा हिशोब

"डॉक्टर, रात्री दोनला उठते आणि मोरीतल्या गार फरशीवर पाय टेकवून बसते. तेवढंच बरं वाटतं." साठी ओलांडलेल्या एक काकू दोन महिन्यांपूर्वी मला सांगत होत्या. १४ वर्षांचा मधुमेह, दोन्ही तळव्यांची आग, चादरीचा स्पर्शसुद्धा सहन होत नाही. पिशवीतून एकेक वस्तू निघत गेली: 'नसांच्या' इंजेक्शनांच्या रिकाम्या बाटल्या, दोन तऱ्हेच्या पेनकिलर, एक मलम आणि मुलाने हौसेने मागवलेलं तळव्यांना मसाज देणारं यंत्र.

मी त्यांना तपासणीच्या टेबलावर झोपवलं आणि डोळे मिटायला सांगितले. आमच्याकडे नायलॉनचा एक तंतू असतो. तो वाकेपर्यंत टेकवला की त्वचेवर बरोबर १० ग्रॅमचा दाब पडतो. "लागलं की हो म्हणा." अंगठ्याखाली टेकवला. काकू गप्प. चवड्यावर टेकवला, तरी गप्प. घोट्याच्या वर आल्यावर पहिलं "हो" आलं. जे पाऊल आगीने झोपू देत नव्हतं, त्या पावलाला स्पर्शच कळत नव्हता. डाव्या करंगळीखाली एक भेग पडून ओली झाली होती. काकूंना तिचा पत्ताही नव्हता.

मधुमेहातल्या या दुखण्याचं मर्म या विसंगतीत आहे. आपण बोलताना शीर, नस, रक्तवाहिनी सगळं एकच धरतो, म्हणून 'नस दबली', 'रक्त पोचत नाही' असं म्हणून मोकळे होतो. इथे बिघडलेले असतात मज्जातंतू, म्हणजे पायाची खबर मेंदूला पोचवणाऱ्या तारा. तार खराब झाली की खऱ्या जखमेची खबर पोचत नाही आणि जखम नसताना आगीची खोटी खबर जात राहते. म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या पेनकिलर इथे लागू पडत नाहीत. त्या सुजेवर काम करतात, आणि इथे दुखणं सुजेचं नसतं. मधुमेही माणसाच्या मूत्रपिंडाला मात्र त्या त्रास देऊ शकतात. महिनोन्महिने रोज घेत असाल, तर आजच तुमच्या डॉक्टरांना सांगा.

मग कशाचा उपयोग होतो? उत्तराआधी एक गोष्ट समजून घ्या. अशी दुखणी आपोआप कमीजास्त होतात आणि माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणं अगदी शिगेला पोचल्यावर. त्यानंतर काहीही दिलं तरी काही जणांना बरं वाटणारच. म्हणून औषधाची परीक्षा दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळीशी तुलना करून घ्यावी लागते. 'आमच्या शेजाऱ्यांना गुण आला' यातला प्रामाणिकपणा मला मान्य आहे, पण त्यावरून मी तुम्हाला औषध देणार नाही.

२०१५ साली 'लॅन्सेट न्यूरोलॉजी'त अशा २२९ चाचण्यांचा एकत्र आढावा आला. अ‍ॅमिट्रिप्टिलिनच्या गटातलं औषध साधारण चार जणांना दिलं, तर एकाचं दुखणं केवळ त्या औषधामुळे निम्म्यावर येतं. ड्युलॉक्सेटिनच्या गटात त्यासाठी सहा-सात जणांना औषध द्यावं लागतं, गॅबापेंटिन आणि प्रेगॅबॅलिनसाठी सात-आठ जणांना. हे आकडे वाचून निराश होऊ नका. एका गोळीने गुण आला नाही तर दोष तुमचा नाही आणि उपाय संपलेही नाहीत, एवढंच ते सांगतात. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या १३ केंद्रांत मधुमेहामुळे पाय दुखणाऱ्या १३० जणांवर झालेली चाचणी मला फार मोलाची वाटते. सुरुवात अ‍ॅमिट्रिप्टिलिनने करा, ड्युलॉक्सेटिनने करा की प्रेगॅबॅलिनने, पुरेसा गुण आला नाही तर दुसरं औषध जोडायचं, अशी तिची रीत होती. १६ आठवड्यांनी तिन्ही वाटांवर दुखणं १० पैकी सरासरी ६.६ वरून ३.३ वर आलं. म्हणजे महागड्या गोळीनेच सुरुवात करायला हवी असं काही नाही. निवड ठरते ती माणसाच्या बाकीच्या प्रकृतीवरून. प्रोस्टेटचा त्रास, काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता असेल तर मी अ‍ॅमिट्रिप्टिलिन टाळतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर प्रेगॅबॅलिनचा डोस कमी करावा लागतो. त्याने गुंगी येते, पायांवर सूज येते, आणि रात्री लघवीला उठलेल्या वयस्कर माणसाचा तोल जाऊ शकतो. यातली कोणतीही गोळी मनाने एकदम बंद करू नका.

हीच प्रेगॅबॅलिन आपल्याकडे कंबरेतून पायात कळ जाणाऱ्या सायटिकालाही सर्रास लिहिली जाते. ऑस्ट्रेलियात २०९ रुग्णांवर झालेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. आठ आठवड्यांनी आणि वर्षभरानंतरही या गोळीने पायाचं दुखणं रिकाम्या गोळीपेक्षा जास्त कमी झालं नाही. चक्कर मात्र वाढली. दोन्ही दुखणी 'नसेचीच', म्हणून एकाचं औषध दुसऱ्याला चालेल, हा तर्क सरळ वाटतो पण चुकीचा ठरतो. सायटिकासाठी ही गोळी कित्येक महिने चालू असेल आणि फरक नसेल, तर ती हळूहळू कमी करण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

आता त्या इंजेक्शनांविषयी. बी-१२ कमी असेल तर ते भरून काढणं हा खराखुरा उपचार आहे, आणि उशीर झाला तर नुकसान कायमचं राहू शकतं. शाकाहारी घरात, दूध-दहीही बेताचं असेल तर, ही कमतरता मला वारंवार दिसते. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर तपासणी करायलाच हवी. नेदरलँड्समध्ये चार वर्षांहून जास्त काळ चाललेल्या एका चाचणीत मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-१२ रिकामी गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत १९ टक्क्यांनी घटलं होतं. पण रक्तात बी-१२ पुरेसं असताना इंजेक्शनांचे कोर्सवर कोर्स घेण्यात पैसा आणि दंड दोन्ही खर्ची पडतात. 'नसांच्या' गोळ्यांच्या पाकिटावर बी-६, म्हणजे पायरिडॉक्सिन, किती आहे तेही वाचा. हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत महिनोन्महिने घेतलं तर ते स्वतःच मज्जातंतू खराब करतं आणि पायांना मुंग्या आणतं.

काशाच्या वाटीबद्दल दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. तूप लावून तळव्यांना वाटी घासली की झोप छान लागते, माझ्या आजीलाही लागायची. मात्र तळवे काळे पडतात ती अंगातली उष्णता बाहेर आल्याची खूण नाही. वाटीच्या धातूची तुपाशी आणि घामाशी घर्षणात होणारी ती क्रिया आहे. पावलाला स्पर्श कळत असेल आणि भेग-जखम नसेल तर खुशाल घासा. बधिर पायावर नको. गरम पाण्याची पिशवी तर मुळीच नको. शेकता शेकता पोळलेले आणि रुग्णाला सकाळी फोड दिसेपर्यंत काहीच न कळलेले तळवे मी पुष्कळ पाहिले आहेत.

बधिर पायाच्या सगळ्यांनाच मधुमेह नसतो. त्वचेवर फिकट, बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो. आणि मुंग्या दोन-चार दिवसांत पायातून वर चढू लागल्या, उंबरा ओलांडताना पाय उचलेना, गिळायला किंवा श्वासाला जड वाटू लागलं, तर हा सल्ला वाचत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात पसरलेला गिया-बारे सिंड्रोम असाच सुरू होतो. त्यात इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं आणि प्लाझ्मा बदलणं हे दोन्ही उपाय सारखेच परिणामकारक आहेत, हे डच डॉक्टरांच्या १९९२ मधल्या चाचणीपासून आपल्याला माहीत आहे. इंजेक्शनांचा खर्च झेपत नसेल, तर प्लाझ्माचा पर्याय आहे का, हे नातेवाइकांनी जरूर विचारावं. नुसत्या स्टेरॉइडचा या आजारात उपयोग नाही.

काकूंची भेग मी आधी साफ करून बांधली. बी-१२ तपासलं, ते खूपच कमी निघालं, म्हणून त्यांना इंजेक्शनं खरोखरच लागणार होती. आधीचा कोर्स कसला होता म्हणून बाटल्यांवरची लेबलं पाहिली, तर त्यात बी-१२ नावापुरतंच होतं. ईसीजी पाहून रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिनचा १० मिलिग्रॅमचा छोटा डोस सुरू केला. पेनकिलर आणि यंत्र बंद. रोज रात्री जेवणानंतर आरशात तळवे पाहायचे, आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात दुखण्याला १० पैकी आकडा द्यायचा, असं सांगितलं.

काल त्या कॅलेंडरची दोन पानं घडी घालून घेऊन आल्या. दुधाच्या हिशोबाशेजारी पेन्सिलीने लिहिलेलं: आठ, आठ, नऊ. मग बरेच दिवस सात. एकादशीच्या चौकोनात सहा. शेवटचा सगळा आठवडा चार. करंगळीखालची भेग भरून आली आहे. पाय अजून चुरचुरतात, पण रात्री मोरीत जाऊन बसावं लागत नाही, असं म्हणाल्या.