नॉर्वेत फ्लेक्केच्या शाळेत निघालेल्या भाचीला

तूप नेऊ नकोस. हे आधी सांगते, कारण तुझ्या आजीने लोणी कढवायला घेतलंच असेल. युरोपबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला नॉर्वेत दुधाचं आणि मांसाचं काही नेता येत नाही. पेढे, खवा, तूप सगळं कस्टमवाले काढून घेतात. मेतकूट, गोडा मसाला, कारळ्याची चटणी खुशाल ने. थंडीचे कपडे इथून ढीगभर घेऊ नकोस. अंगालगत लोकरीचा पातळ थर आणि वर पाऊस अडवणारं जाकीट हे तिथेच चांगलं मिळतं. नॉर्वेच्या त्या पश्चिम किनाऱ्यावर बर्फापेक्षा पाऊस जास्त छळतो आणि भिजलेला सुती कपडा लवकर वाळत नाही. आपला तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही. बॅगेचं एवढंच.

बॅगेची काळजी सगळं घर करतंय, विषयांकडे मात्र कोणी बघत नाहीये. तिथे पोचल्यावर लगेचच आयबी या आंतरराष्ट्रीय डिप्लोमाचे सहा विषय ठरवावे लागतात, त्यातले तीन वरच्या पातळीचे. पहिली भाषा, दुसरी भाषा, सामाजिक शास्त्रं, विज्ञान आणि गणित या गटांतून एकेक, आणि सहावा कलेचा किंवा गणित सोडून आधीच्या एखाद्या गटातला आणखी एक. म्हणजे सरळ मार्गाने विज्ञानाचे दोनच विषय होतात. तुझ्या बाबाच्या मनात अजून डॉक्टरकीची ‘नीट’ परीक्षा आहे. नीटला भौतिक, रसायन आणि जीव असे तिन्ही लागतात. तिसरं विज्ञान घ्यायचं तर आयबीकडून खास परवानगी काढावी लागते, ती मिळेलच असं धरून चालता येत नाही. तेव्हा ‘आधी जाऊन तर ये, डॉक्टरकीचं मग बघू’ हे बोलणं मला पटत नाही. ज्याला नीटच द्यायची आहे त्याने क्लाससाठी लातूरला जावं, फ्लेक्केला कशाला? हे बाबाशी जायच्या आधी बोल. संकोच वाटत असेल तर मी बोलते, तो माझा धाकटा भाऊ आहे.

मातृभाषेतलं साहित्य शाळेच्या मदतीने स्वतः अभ्यासायची सोय आयबीत असते. मराठीसाठी ती मिळेल का, हे पहिल्याच आठवड्यात विचार. चार हजार शब्दांचा मोठा निबंध लिहावा लागेल, त्याचा विषय आपल्याकडचा घेतलास तर तुझ्यासारखी माहिती वर्गात दुसऱ्या कोणाकडे नसेल. 1972च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंख्यांनी पाणी पंचायत उभी केली, तसं काहीतरी. पण एक लक्षात ठेव. आपल्याकडे गाईडमधला उतारा जसाच्या तसा उतरवला की मार्क मिळतात, तिथे तीच चोरी धरतात आणि त्यापायी डिप्लोमासुद्धा हातचा जाऊ शकतो. कुठून घेतलं ते दरवेळी लिही. शिक्षकांना नावानेच हाक मारायची असते. पहिले काही दिवस जीभ अडखळेल, नंतर सवय होते.

आता खोली. एका खोलीत चार-पाच मुली, वेगवेगळ्या देशांच्या. कोणी खिडकी उघडी ठेवून झोपणार, कोणी पहाटेचा गजर लावून स्वतः घोरत पडणार. तू आपल्या घरात गप्प राहून सोसायला शिकलीस, आणि त्याला आपण समजूतदारपणा म्हणतो. तिथे हे गप्प बसणं कोणाला कळतच नाही. खटकलं तर त्याच दिवशी, हसत, पण स्पष्ट सांग. महिनाभर साठवून एकदम बोलू नकोस.

कर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या विचारातून 1962 साली वेल्समध्ये तुझ्या शाळेसारख्या, देशोदेशीच्या मुलांना एकत्र ठेवून शिकवणाऱ्या शाळांपैकी पहिली निघाली, शीतयुद्धाच्या ऐन काळात. आपल्या मुळशीत 1997पासून महिंद्र कॉलेज आहे, तेही याच कुटुंबातलं. फ्लेक्केची शाळा 1995ची, रेड क्रॉसच्या सहभागाने उभी राहिलेली, आणि तिथे निर्वासित छावण्यांतून आलेली मुलंही असतात. त्यांना ‘सुट्टीत घरी कधी जाणार?’ असं सहज विचारू नकोस. त्यांनी आपणहून सांगेपर्यंत थांब. तुलाही जात, काश्मीर, गाय, सगळं विचारतील. प्रत्येक वेळी देशाची वकिली करायला उभी राहू नकोस. ठाऊक असेल ते सांग, नसेल तर ठाऊक नाही म्हण. आणि ‘आमच्यात जातपात नाही’ हे वाक्य कृपा करून बोलू नकोस.

घरची आठवण ऑगस्टमध्ये फार येत नाही, तेव्हा सगळं नवं असतं. ती नोव्हेंबरात गाठते. फ्लेक्के साधारण 61 अंश उत्तरेला आहे. डिसेंबरात सूर्य जेमतेम साडेपाच-सहा तास वर असतो, त्यात पावसाचे ढग आणि डोंगर. तुझी ताई तिथे दोन वर्षं काढून आली. ती सांगते की मन उदास झालं की तिला आधी वाटायचं मैत्रिणी वाईट आहेत, अभ्यास वाईट आहे. खरं कारण पुष्कळदा उजेडाचं असायचं. म्हणून दुपारी जेवणाच्या सुट्टीत, पाऊस असला तरी, बाहेर पड. तिथली माणसं हिवाळाभर कॉड माशाचं तेल घेतात. तू शाकाहारी, तर ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांबद्दल इथल्या डॉक्टरांशी आत्ताच बोलून घे. फ्योर्डच्या पाण्यात एकटी कधी उतरू नकोस, कितीही पोहता येत असलं तरी. त्या गारठ्यात हातपाय फार लवकर गळतात.

फोनचं सांगते. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेतीन तास पुढे असतो आणि हिवाळ्यात साडेचार, कारण मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ बदलतात. तुझ्या रात्री दहा म्हणजे आईचे दीड किंवा अडीच. रडू आलं तर आधी खोलीतल्या मैत्रिणीजवळ रड, आणि आईला सकाळी फोन कर. तुझं रडणं दहा मिनिटांत थांबतं, तिचं रात्रभर चालतं. मला मात्र केव्हाही कर, मला तशीही झोप कमी.

डिसेंबरच्या सुट्टीत जिला जायला घर नाही अशी एखादी मैत्रीण इकडे आणायची असेल तर सप्टेंबरातच कळव. वरची खोली रिकामीच आहे, पण निर्वासितांच्या प्रवासकागदांवर व्हिसाला वेळ लागतो.