पहिला तांब्या आईचा

वार्षिक परीक्षा संपली की परंडा तालुक्यातल्या घराघरांत दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. मुलांची सुट्टी आणि आईची उन्हाळी कामं. कुरडया, पापड, सांडगे, शेवया, वर्षाचं तिखट, धान्याला ऊन देणं. त्यात लग्नसराई, पाहुणे आणि टँकरची वाट. पारा चाळिशीच्या पुढे आणि एरवी शाळेत असणारी पोरं दिवसभर पायात पायात.

या दिवसांत बाई दवाखान्यात येते ती पोराला दाखवायला. जुलाब, फुटलेला घोळणा, भाजलेला हात, विंचू. औषध लिहून दिलं की उठते. "तुमचं काय?" विचारलं तर "मला काय झालंय!" म्हणते. ओठ मात्र वाळलेले असतात. खोदून विचारल्यावर कळतं की लघवीला जळजळ आहे, डोकं ठणकतंय आणि सकाळपासून पोटात दोन कप चहाच गेलाय. उन्हाळ्यातली मुलांची बरीच दुखणी आणि बरेच अपघात टाळता येतात. पण ते टाळणारी एकटी आईच असेल आणि तीच दमलेली असेल, तर कुठलाही सल्ला कागदावरच राहतो. म्हणून सुरुवात तुमच्यापासून करू.

आधी तुमचं

सकाळी चुलीपाशी किंवा गॅसपाशी जाण्याआधी, चहाच्याही आधी, तांब्याभर पाणी प्या. दिवसभरात अडीच ते तीन लिटर पाणी पोटात जायला हवं. लग्नात, शेतात किंवा प्रवासात आडोसा मिळत नाही म्हणून पाणीच न पिणाऱ्या बाया मी रोज पाहते. मग उन्हाळी लागते. लघवी गडद पिवळी होते, आग होते. साधी उन्हाळी पाणी वाढवल्यावर दिवसभरात कमी होते. तेवढ्यानं उतरली नाही, थंडी वाजून ताप आला, कंबरेत किंवा कुशीत दुखलं तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. लघवी तपासून घ्या. पोटुशी बाईनं मात्र एक दिवसही थांबू नये.

दुसरं, खाणं. सगळ्यांना वाढून उरेल ते, दुपारी दोनला, ही सवय उन्हाळ्यात जास्तच नडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे निम्म्याहून अधिक. रक्त कमी असलेली बाई उन्हात लवकर दमते, तिला धाप लागते, चक्कर येते. तेव्हा दहाच्या आत भाकरी खा. सोबत डाळ, मटकी किंवा पालेभाजी आणि वर लिंबू पिळा. उपकेंद्रातून मिळणारी लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका. दोन्हींत तासाभराचं अंतर ठेवा.

अंगावर पाजणाऱ्या आईनं स्वतःचं पाणी आणखी वाढवावं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर कडक उन्हाळ्यातही त्याला वरचं पाणी, ग्लुकोज, मध, घुटी काही देऊ नका. दुधातलं पाणी त्याला पुरतं. फक्त जास्त वेळा पाजा.

दिवस उन्हाप्रमाणे लावा

बारा ते चार हे तास घरात, सावलीत. बाजारहाट, दवाखाना, धुणं सकाळी उरका. मुलांचं खेळणं सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. परंड्याचा किल्ला दाखवायचा असेल तर सकाळी सातला न्या; दगडी तट तापला की त्याची धग उशिरापर्यंत राहते. कपडे सुती, सैल. घामोळ्यांवर पावडरीचा थर नको, त्यानं घामाची छिद्रं बुजतात आणि लहान मुलाच्या छातीत पावडर जाऊ शकते. दोनदा साध्या पाण्यानं अंग पुसलं तरी पुरे. पाण्याची टंचाई असेल तर एक ओला पंचाही काम करतो.

पिण्यासाठी बाटलीतल्या रंगीत पाण्यापेक्षा आपलं ताक, पन्हं, लिंबू सरबत आणि ज्वारीची आंबील कितीतरी सरस. मूल पुरेसं पाणी प्यालंय का, हे त्याच्या लघवीवरून ओळखा. पाच-सहा तासांत एकदा तरी आणि फिकट रंगाची व्हायला हवी.

घोळणा फुटला तर मुलाला मागं मान टाकून झोपवू नका, रक्त घशात उतरतं. बसवा, मान थोडी पुढं करा आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं धरा. मध्ये सोडून बघू नका. वीस मिनिटांनीही थांबलं नाही तर दवाखाना गाठा. आणि खिशात कांदा ठेवल्यानं ऊन लागत नाही हे खरं नाही. डोक्याला रुमाल, पोटात पाणी आणि सावली, एवढंच खरं.

कुरडयांचा दिवस

उन्हाळ्यातला सगळ्यात जोखमीचा दिवस कोणता विचाराल तर मी कुरडयांचा सांगेन. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक पहाटे शिजायला ठेवलेला असतो. तो हाटताना मोठं पातेलं बहुधा जमिनीलगतच्या चुलीवर असतं. गरम आहे तोवरच सोऱ्यात भरायचा असतो, त्यामुळे सगळ्या बाया घाईत. आणि त्याच वेळी चीक खायला मिळेल म्हणून पोरं भोवती जमलेली. पाणी अंगावर सांडलं तर ओघळून जातं. चीक चिकटून बसतो आणि त्वचेला जास्त वेळ भाजत राहतो. त्यामुळे जखम खोल होते.

यावर उपाय औषधाचा नाही, माणसाचा आहे. त्या सकाळी दोन तास एका मोठ्या माणसाकडं फक्त मुलं सोपवा. आजोबा, वडील, मामा, कुणीही. चुलीभोवती चार हातांवर रांगोळीची रेघ मारा आणि तिच्या आत पोर येणार नाही असा नियम करा. पातेलं खाली उतरवलं की ते भिंतीकडं, माणसांच्या वाटेवर नाही.

भाजलंच तर आधी पाणी. गार, पण बर्फाचं नव्हे. नळ नसेल तर तांब्यानं, पण वीस मिनिटं ओतत राहा. चिकटलेला चीक किंवा कपडा ओढून काढू नका. सुटे कपडे, बांगड्या, करदोडा मात्र लगेच काढा, मग सूज येते. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप काहीही लावू नका. स्वच्छ सुती कापडानं झाका आणि दवाखान्यात आणा. चेहरा, हात, पाय, सांधा किंवा जांघ भाजली असेल, किंवा मुलाच्या तळहातापेक्षा मोठी जागा भाजली असेल, तर घरी ठेवूच नका.

जुलाब लागले तर

साठवलेलं पाणी, उघडा माठ, माश्या आणि पंगतीतलं उरलेलं अन्न यांमुळे मे महिन्यात जुलाबाची मुलं वाढतात. पाणी उकळा किंवा आशाताईंकडून क्लोरीनचं औषध घेऊन बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाका. माठात पेला बुडवू नका; तोटी बसवा किंवा लांब दांड्याचं ओगराळं वापरा. वरण, भात, दूध दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवून मुलांना देऊ नका. पाहुण्यांनी भूमहून आणलेला खवा किंवा पेढा फ्रिज नसेल तर त्याच दिवशी संपवा.

जुलाबात पोर पोटाने नव्हे, अंगातलं पाणी संपल्यानं दगावतं. "डॉक्टर, सलाईन लावा" हा हट्ट मी समजू शकते, पण बहुतेक मुलांना त्याची गरज नसते. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली, सलाईन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याचं पाणी पिंपांत कालवून ठेवलं आणि आजाऱ्यांच्या नातेवाइकांनीच ते पेल्यांनी पाजलं. मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. नातेवाइकांच्या हातून झालेलं हे काम तुम्हालाही जमणारं आहे.

ओआरएसची एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच विरघळवा; अर्ध्या पेल्यात अर्धी पुडी टाकू नका. लहान पुडी असेल तर तिच्यावर लिहिलेलं माप पाळा. केलेलं पाणी चोवीस तासांत संपवा, उरलं तर ओतून द्या. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, त्यापुढच्याला अर्धा ते एक कप. घाई न करता चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सावकाश सुरू करा. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. सहा महिन्यांवरच्या मुलाला झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, जुलाब थांबले तरी चौदा दिवस. खाणं आणि अंगावरचं दूध बंद करू नका.

दुकानातून घेताना पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का ते पाहा. गोड पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरायला देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, कारण त्यांतल्या जादा साखरेनं जुलाब वाढतात. पुडी आशाताईंकडं फुकट मिळते.

डोळे खोल गेले, बाळाची टाळू खोल गेली, मूल मरगळलं, सहा-आठ तास लघवी नाही, शौचात रक्त, किंवा पाजलेलं सगळं उलटतंय, तर लगेच दवाखाना. टाळूवर तेल भरून ती वर येत नाही. पोटात पाणी गेल्यावरच येते.

ऊन लागलं तर

डोकं दुखतंय, घाम येतोय, मळमळतंय, पायात गोळे येतायत पण मूल नीट बोलतंय, तर सावलीत झोपवा, ओल्या कापडानं पुसा, ओआरएस पाजा. अंग तव्यासारखं तापलंय आणि मूल असंबद्ध बोलतंय, झटके येतायत किंवा हाक मारल्यावर ओ देत नाही, तर तो उष्माघात. १०८ ला फोन लावा, कपडे काढा, अंगावर साधं पाणी ओता आणि वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलनं हा ताप उतरत नाही. पण प्रत्येक ताप उन्हाचाच समजू नका. दोन दिवसांपेक्षा जास्त राहिलेला ताप तपासून घ्या आणि तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर त्याच दिवशी आणा.

नजर चुकते तिथं

शेततळं, विहीर आणि सीना-कोळेगावचं धरण यांच्याकडं पोरांची पावलं दुपारी वळतात, कारण तेव्हा घर झोपलेलं असतं. शेततळ्याचं प्लॅस्टिक इतकं गुळगुळीत असतं की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. तळ्याला कुंपण घाला आणि काठाला गाठी मारलेला दोर कायम बांधून ठेवा. घरात रांगतं पोर असेल तर पाण्याची बादलीही झाकलेली हवी.

कुलरमध्ये पाणी भरताना पिन काढूनच भरा. ओल्या हातानं, अनवाणी पोरानं त्याला शिवू नये. माळवदावर किंवा कठडा नसलेल्या गच्चीवर झोपत असाल तर मुलं मधोमध. तणनाशक, कीटकनाशक, रॉकेल थंड पेयाच्या बाटलीत कधीच ओतू नका. तहानलेलं पोर बाटली बघतं, आतलं बघत नाही. प्यालंच तर उलटी करवू नका, बाटलीसकट दवाखाना गाठा.

विंचू रात्री निघतो. अंथरूण झटका, दगड-सरपणाचा ढीग घरापासून लांब ठेवा. चावल्यावर मुलाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं सुरू झालं तर हृदयावर परिणाम होतोय असं समजा. बांधू नका, कापू नका, मांत्रिकाकडं वेळ घालवू नका. आपल्याच मराठवाड्यात, जालना जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला राहून या दंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडतं हे दाखवून दिलं. पण त्याचा उपयोग वेळेत पोचलात तरच.

राहिला मोबाईल. दोन वर्षांखाली नकोच, दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असं भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना सांगते. स्वयंपाकाच्या वेळी तो हातात देणं ही आईची हौस नसते, मदत नसल्याचं ते लक्षण असतं. मदत मिळाली की मोबाईल आपोआप कमी होतो.

घरातल्या बाकीच्यांसाठी

हा परिच्छेद घरातल्या पुरुषांना आणि सासूबाईंना वाचून दाखवा. दुपारी एक तास ती आडवी होईल आणि त्या तासात मुलं दुसरं कुणीतरी सांभाळेल, हे ठरवून टाका. पाणी भरणं एकानं घ्या. मोठ्या मुलांना, मुलगा असो की मुलगी, वाळवण राखायला आणि माठ भरायला बसवा. चाळीस डिग्रीच्या दिवसांत एका बाईच्या दोन डोळ्यांवर अख्खं घर सोडणं ही काटकसर नाही, निष्काळजीपणा आहे.

आणि ताई, पुढच्या वेळी पोराला घेऊन याल तेव्हा खुर्चीत जरा टेका. स्वतःच्याही नावाची चिठ्ठी काढा.